जखमेचं वय

६ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार-चमत्कार मनातल्या मनात घालून घे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाचं घालतेस, म्हणून लिहायला बसले आहे.

तू बाबांच्या अंत्यसंस्काराला आलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस. त्यामुळे खरं काय झालं ते सांगायचं राहूनच गेलं. त्या दुपारी मी कामावर होते, दातांच्या दवाखान्यात, नेहमीसारखी दुखऱ्या दाढांना वेळा वाटत. घरी बाबांजवळ बाई होत्या. त्यांना सांभाळायला म्हणून मी या बाईंना जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरच्या मास्तरांना आधी ओरडणं ऐकू आलं, "बसा म्हटलं ना, बसा!" आणि पाठोपाठ धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज. ते धावत वर आले तर बाबा स्वयंपाकघरात खुर्चीशेजारी आडवे, आणि बाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. हॉस्पिटलात पोचायच्या आतच सगळं संपलं.

शवविच्छेदनात कवटीच्या आत डाव्या बाजूला रक्त साचलेलं निघालं. मास्तरांनी ऐकलं ते पोलिसांना सांगितलं आणि पोलिस बाईंना घेऊन गेले. बाई म्हणतात, ते आपोआप कलंडले. म्हणणारच. बाबांना बोलता धड येत नव्हतं, त्यांच्या बाजूनं कोण सांगणार?

सांगणारं आहे कुणीतरी, असं आता कळलंय. मेंदू तपासायला दिलाय आणि तपासणारी डॉक्टर तुझी जुनी विद्यार्थिनी आहे, ती अजून तुला मॅडम म्हणते ती. आत्या, तू आयुष्यभर मेंदूच बघितलास. तिला दोन शब्द लिही. जमलं तर स्वतः बघ. मला त्या बाईला सुखासुखी सुटू द्यायचं नाही. मीच तिला घरात घेतलं, मीच तिच्या हातात किल्ली दिली. हे कुठे ठेवू ते मला कळत नाही.

ठकू


१७ फेब्रुवारी

ठकू,

पत्र दोनदा वाचलं, कारण डॉक्टरांच्या संगतीत तुझं अक्षर आणखी बिघडलं आहे.

संध्याकाळच्या गाडीचा टोमणा पोचला. मला रडणाऱ्या माणसांत बसता येत नाही. दादालाही येत नसे. तो असता तर माझ्याच गाडीत बसून निघून आला असता.

विद्यार्थिनीला कळवलं आहे. निकाल तिचाच राहील, कारण मी नात्यातली. पण काचपट्ट्यांचा एक संच ती मला पाठवते आहे आणि माझं मत तिनं आजवर कधी डावललेलं नाही. जरा धीर धर. मेंदू हा लोण्यासारखा मऊ असतो. औषधात दोन-तीन आठवडे ठेवून तो घट्ट करतात, मग त्याचे कागदाहून पातळ काप काढतात, काचेवर ठेवून रंगवतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली घेतात.

लोकांना वाटतं मेंदू म्हणजे नुसत्या विचार करणाऱ्या पेशी. त्यांच्या भोवतीनं तेवढ्याच संख्येनं दुसऱ्या पेशी असतात, ग्लिया म्हणतात त्यांना. त्या विचारबिचार करत नाहीत. आधार देतात, खाऊ घालतात, केर काढतात, जखम झाली की कुंपण घालतात. मी सगळी नोकरी त्यांच्याकडे बघण्यात घालवली. दादा म्हणायचा, "मेंदूतल्या मोलकरणींचा अभ्यास करते आमची धाकटी." म्हणू दे. जखम झाली की पहिल्या दिवशी या पेशी जवळपास ढिम्म असतात. चार-पाच दिवसांत केर काढणाऱ्या गोळा होतात आणि सांडलेलं रक्त गिळून टम्म फुगतात. मग चांदणीच्या आकाराच्या असतात त्या अंग धरतात. कोणती पेशी किती फुगली आहे त्यावरून जखमेचं वय सांगता येतं. जखम त्या दुपारची असेल तर यातलं काहीही दिसणार नाही, आणि मग तुझ्या बाईंचं काही खरं नाही.

अशी माणसं घरात घेताना चौकशी करतेस की नाही? दादासाठी कुणाला ठेवायचं तर मला एका शब्दानं विचारायचं होतंस.

आत्या


२४ फेब्रुवारी

आत्या,

तुला विचारायचं होतं! मी मागची सात वर्षं तुला विचारतेच आहे. दर वेळी तू मला औषधांची नावं लिहून पाठवलीस. नवीन वर्षाच्या तोंडावर अगदी हातापाया पडले, तेव्हा कुठे तू बाबांना आठ दिवसांसाठी नेलंस, कारण मला नुसती झोप हवी होती. त्यातलेही दोन दिवस तू कापलेस.

आणि बाई ठेवावी लागली ती तुझ्याकडून आल्यावर. आधी बाबा विसरायचे, चिडायचे, पण स्वतःच्या पायांनी घरभर हिंडायचे. तुझ्याकडून आल्यापासून एकदम जड झाले. दुपारभर झोपून राहायचे. उजवा पाय ओढायला लागले, हातातून चमचा गळायचा. मला वाटलं, म्हातारपणानं पुढची पायरी उतरली. सगळे तसंच म्हणाले. एकटीला उचलवेना, म्हणून बाई आल्या.

काल त्यांची मुलगी दवाखान्यात आली होती. पेशंटांच्या रांगेत उभी राहिली, नंबर घेतला, आणि तिची पाळी आल्यावर माझ्यासमोर येऊन म्हणाली, "माझ्या आईनं कुणाला मारलं नाही. तिला जामीन मिळत नाहीये." मागे गाल सुजलेला एक माणूस ताटकळला होता. मी म्हटलं, "दाढ दुखत नसेल तर बाजूला व्हा." ती झाली बाजूला. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

काचपट्ट्या आल्या का?

ठकू


५ मार्च

ठकू,

बसून वाच.

काचपट्ट्या आल्या. दोन दिवस त्यांच्यावरच आहे. आज सकाळी डोळे ताजे असताना पुन्हा पहिल्यापासून बघितल्या. शंका उरलेली नाही.

डाव्या कानाच्या वर, मेंदूच्या पृष्ठभागावर जखम आहे आणि तिच्याभोवती केर काढणाऱ्या पेशींची ही गर्दी. लोह दाखवणारा रंग दिला की त्यांच्या पोटात निळे ठिपके दिसतात. म्हणजे रक्त गिळून, पचवून बसल्या आहेत. कडेच्या चांदणीपेशी गुबगुबीत झाल्या आहेत आणि तंतूही विणायला लागल्या आहेत. हे काम एका दुपारचं नाही आणि दोन आठवड्यांचंही नाही. तीन ते चार आठवडे लागतात. हे मी शपथेवर सांगेन. जानेवारीच्या सुरुवातीला कधीतरी दादाच्या डोक्याला जोरदार मार बसला. तेव्हापासून आत रक्त साचत गेलं, म्हणून पाय ओढणं, म्हणून झोप, म्हणून चमचा गळणं. त्या दुपारी तो पडला म्हणून गेला नाही. जात होता म्हणून पडला.

तेव्हा त्या बाईंचा यात संबंध नाही. त्यांनी तुझ्या घरात पाऊल टाकायच्या आधीची ही गोष्ट आहे.

राहिलीस तू. चार तारखेला दादा माझ्याकडून निघाला तो धडधाकट, स्वतःच्या पायांनी टॅक्सीत बसून. त्यानंतर बाई येईपर्यंत घरात तुम्ही दोघंच होतात. तू किती दमली होतीस ते मला माहीत आहे. दमलेल्या माणसाचा हात सुटतो. एखादा धक्का दिला जातो आणि नेमकं मागे बेसिन असतं. मी काही न्यायाधीश नाही. काय झालं ते मला सरळ सांग, म्हणजे विद्यार्थिनीनं काय लिहायचं आणि किती लिहायचं ते मी बघते. बाई सुटतील आणि घरातलं घरात राहील.

आत्या


११ मार्च

आत्या,

तुझं पत्र मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत वाचलं, दातांच्या साच्यांच्या कपाटाशी उभं राहून. बाहेरून डॉक्टर हाका मारत होते.

हात सुटतो, म्हणालीस. हो, सुटतो. एकदा बाबांच्या हातातली भाताची ताटली हिसकून मी भिंतीवर मारली होती. डाग अजून आहे. दुसऱ्या एका संध्याकाळी त्यांना अंघोळ न घालता तसंच झोपवलं, कारण माझ्यात जीव नव्हता. हे घे, आणखी हवं असेल तर आणखीही लिहीन. पण त्यांच्या अंगावर हात टाकला नाही. बेसिन वगैरे तुझ्या डोक्यातलं आहे.

मग तुझे ते आठवडे घेऊन मी कॅलेंडरसमोर उभी राहिले, आणि मला चार तारीख आठवली.

धडधाकट? टॅक्सीतून ते उतरू शकत नव्हते. टॅक्सीवाल्यानं आणि मी दोन्ही बाजूंनी धरून काढलं. फळांची करंडी मात्र तू व्यवस्थित बांधून दिली होतीस, आणि चिठ्ठीत "दादाला घर आठवतंय, म्हणून दोन दिवस आधीच पाठवते आहे" असं होतं. लोकरीची टोपी कानांवर ओढलेली. ती काढू देईनात. मी थट्टा केली, "आत्याकडून राजमुकुट घेऊन आलात का?" दोन दिवसांनी अंघोळीला टोपी काढली तर डाव्या कानाच्या वर सुजलेलं, हिरवं-पिवळं पडायला लागलेलं. मला वाटलं, टॅक्सीचं दार लागलं असेल. मी तिथं तेल लावलं. आत्या, मी तिथं तेल लावलं.

आणि एक सारखं म्हणायचे, "तिनं कडी लावली." कुणी, बाबा? "धाकटीनं." मला वाटलं, तुमच्या लहानपणात गेले असतील.

पेशी तू बघितल्यास, तारखा मी बघितल्या. आता तू मला सरळ सांग. कडी कुठली?

ठकू


२ एप्रिल

ठकू,

उत्तराला उशीर झाला. डोळे त्रास देतात, डावा तर जवळपास गेल्यातच जमा आहे.

मागच्या पत्रात मी थोडी घाई केली असं आता वाटतं. या पेशी म्हणजे काही भिंतीवरचं घड्याळ नव्हे. दादाचा मेंदू म्हातारा, आकसलेला, त्यात तो रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होता. अशा माणसात सगळंच पुढेमागे होतं. जखम दहा दिवसांची असू शकेल, दोन महिन्यांचीही असू शकेल. शपथेची भाषा मी करायला नको होती. "जखमेचं वय खात्रीनं सांगता येत नाही" असं लिहावं, असं मी विद्यार्थिनीलाही कळवलं आहे. ते सगळ्यांच्याच दृष्टीनं बरं.

कडीचं एवढं काय करतेस? दादा दुपारी उठून माझ्या टेबलाशी यायचा, पेट्या उपड्या करायचा. चाळीस वर्षांच्या जपलेल्या काचपट्ट्यांतली एक पेटी त्यानं जमिनीवर ओतली. एकदा दार उघडून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याच्याच भल्यासाठी दुपारपुरती त्याच्या खोलीला बाहेरून कडी घालत होते. मी काही कुठे फिरायला जात नव्हते, शेजारच्याच खोलीत मायक्रोस्कोपवर असायचे. काम करताना कानातलं यंत्र काढून ठेवते. त्याची गुणगुण डोक्यात जाते. तेव्हा त्यानं हाक मारली असेल किंवा दार वाजवलं असेल, तर ते मला कळायचा प्रश्नच नव्हता. दार उघडलं तेव्हा तो दाराच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसला होता. खुर्ची आडवी झाली होती. माझ्याकडे बघून तो हसला. हसला, ठकू. कानाच्या वर टेंगूळ होतं, त्यावर मी बर्फ लावला. त्यानं दूध घेतलं, झोपला. टोपी मी थंडीसाठी घातली होती.

टेंगूळ आलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याला घेऊन माणसं हॉस्पिटलात धावत नाहीत. तूही नाही धावलीस.

बाईंना वकील आहे. पुरावा नसेल तर सुटतील आज ना उद्या. तू यात पडू नकोस.

आत्या


१४ एप्रिल

आत्या,

पडले.

तुझ्या विद्यार्थिनीला भेटायला गेले. तळमजल्यावर लांबट खोली, खिडकीपाशी दोन मायक्रोस्कोप, तीव्र औषधी वास, आणि कपाटात लाकडी पेट्यांवर पेट्या. मी कोण ते सांगितल्यावर तिनं आधी स्टूल पुसून दिलं.

"मॅडमचं मत आलंय," ती म्हणाली, "पहिलंही आणि नंतरचंही."

"जखम दहा दिवसांची असू शकेल?"

"नाही."

"दोन महिन्यांची?"

"तशीही वाटत नाही."

"मग तुमच्या मॅडम असं का म्हणतात?"

ती एक काचपट्टी हातात घेऊन पुसत राहिली, चांगली लख्ख होती तरी. मग म्हणाली, "बघायचंय का तुम्हाला?"

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग गुलाबी पडदा, आणि त्यावर त्या पेशी, हातपाय पसरलेल्या, फुगलेल्या. दुसऱ्या काचेवर निळे ठिपके, शाई शिंतडावी तसे. ती शेजारी उभी राहून हळू आवाजात सांगत होती, ही अमुक, ही तमुक. मला नावं राहिली नाहीत. माझ्या डोक्यात एवढंच होतं की मी घरात "बाबा, नाटकं करू नका, पाय उचला" म्हणत होते, तेव्हा आत हे चालू होतं.

"मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं," ती म्हणाली, "की काच बघताना माणूस विसरायचा. मी विसरायचा प्रयत्न केला." अहवालात तिनं लिहिलंय, जखम तीन ते पाच आठवड्यांपूर्वीची.

तिथून मी पोलिस चौकीत गेले. बाबा त्या दिवसांत कुठे होते, कडी, टेंगूळ, टोपी, सगळं सांगितलं. तेलाचंही सांगितलं. साहेब लिहून घेत होते. शेवटी पेन बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "म्हणजे आत्याबाईंविरुद्ध तक्रार आहे का तुमची?"

मी म्हटलं, "कशाची करू? कडी लावल्याची?"

ते म्हणाले, "त्याला आमच्याकडे कलम शोधावं लागेल."

त्यांनी ते शोधलं नाही आणि मीही हट्ट धरला नाही. "अपघाती मृत्यू" अशी नोंद झाली. परवा बाई सुटल्या. तू सुटलीस. मीही सुटलेच म्हणायचं.

ठकू


२८ एप्रिल

ठकू,

अहवालाची प्रत विद्यार्थिनीनं मला पाठवली, सोबत एक ओळही न लिहिता. वाक्यं सगळी माझी आहेत, माझ्याच व्याख्यानांतली. चांगलं लिहिते. शेवटच्या परिच्छेदात एक विशेषण जास्त आहे.

तू चौकीत जायला नको होतंस असं मला अजूनही वाटतं, पण झालं ते झालं. प्रकरण मिटलं. बाई सुटल्या, अपघात म्हणून नोंद झाली, कुणाचंच वाईट झालं नाही. दादा तसाही किती दिवसांचा सोबती होता? हे मी डॉक्टर म्हणून लिहिते आहे. उगाच दुखवून घेऊ नकोस.

आता आपण दोघीच उरलो. म्हणून एक विचारते. माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आहे, मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी. डाव्यानं मला फक्त उजेड आणि अंधार कळतो, तेव्हा पट्टी असेपर्यंत मी आंधळीच. डॉक्टर म्हणाले, निदान दोन आठवडे घरात कुणीतरी हवं, हात धरून नेणारं, थेंब घालणारं. परकं माणूस मला चालायचं नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे. दवाखान्यातून रजा काढ आणि ये. दादाची खोली तुझ्यासाठी झाडून-पुसून ठेवली आहे.

तू काही मनात धरून ठेवणारी नाहीस. लहानपणीही नव्हतीस.

आत्या


६ मे

आत्या,

"कुणाचंच वाईट झालं नाही" हे वाक्य मी बाईंच्या खोलीत बसलेले असताना माझ्या पर्समध्ये होतं.

त्यांचा पत्ता मुलीकडून घेतला. तिनं तो दिला, "बाजूला व्हा" म्हणाली नाही. तिसऱ्या गल्लीत एका गॅरेजवर खोली आहे. बाई शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या, शेजारी शर्टांचा हा ढीग. आधीची दोन्ही घरं सुटलीत त्यांची. एका ठिकाणी म्हणाले, आम्हाला माहीत आहे तुम्ही काही केलं नाही, पण आजोबा घाबरतात. दुसऱ्यांनी दारच उघडलं नाही. अहवाल कोण वाचतो? पोलिसांच्या गाडीत बसताना मात्र अख्ख्या गल्लीनं त्यांना बघितलं होतं.

मी माफी मागितली. त्यांनी दाताने दोरा तोडला.

"ओरडले मी, ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "ते उठायला बघत होते आणि पाय त्यांचं ऐकत नव्हता. पडतील म्हणून बसा म्हटलं. बसले नाहीत."

ढिगावरून घसरलेला एक शर्ट मी उचलून वर ठेवला.

"डोकं दुखतं म्हणायचे. हात इथं लावून दाखवायचे. मी तुम्हाला सांगितलं होतं, ताई. दोनदा सांगितलं. तुम्ही चपला घालत होता. म्हणालात, त्यांना रोज काहीतरी नवीन दुखतं."

म्हणाले होते मी. अगदी याच शब्दांत. तू लिहिलंस ना, तूही नाही धावलीस म्हणून. तुझ्या सगळ्या पत्रांत तेवढं एक वाक्य मला खोडता आलं नाही. तुझ्याकडे बाबा सहा दिवस होते, माझ्याकडे त्यानंतर साडेतीन आठवडे. पेशींनी जे केलं ते सगळं माझ्या घरात केलं, आणि मी बघितलं नाही.

मग मी त्यांना तुझ्या ऑपरेशनचं सांगितलं. आधी तू कोण ते सांगितलं, कडीसकट, दुसऱ्या मतासकट. लपवून पाठवायचं नव्हतं. तुला बाई चालणार नाही म्हणतेस, पण तुला दुसरं कुणी मिळणार नाही आणि त्यांनाही दुसरीकडे कुणी बोलावत नाही. ऐकताना त्यांचा हात थांबला नव्हता. एक शर्ट पूर्ण करून घडी घातली आणि मग विचारलं, "ऐकू कितपत येतं त्यांना?"

"यंत्र काढलं की काहीच नाही."

"मग ओरडूनच बोलावं लागेल. ते चालेल का, आधी विचारून घ्या. नाहीतर पुन्हा शेजारी धावत येतील."

मला वाटलं त्या हसतील. नाही हसल्या. मी विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की," त्या म्हणाल्या. "पण तो मी घरी ठेवून जाते. कामावर नेला तर कामच होत नाही."

सोमवारी सकाळच्या गाडीनं त्या येतील. औषधांचे थेंब त्यांना नीट समजावून सांग, त्या विसरत नाहीत. रात्री त्यांना एक दिवा लागतो.

मी येणार नाही, आत्या. मला माझा घरी ठेवून येता येत नाही.

ठकू